ओसेरचें तरुण मंडळ

फुटबॉल हा मोठ्या शहरांचा खेळ होय, अशी युरोपांत सामान्य समजूत आहे. आणि ती अगदींच निराधार नाहीं. नांवाजलेला संघ पोसावयाचा म्हणजे तिकीट काढून येणारे हजारों प्रेक्षक हवेत, पदरमोड करणारे धनिक हवेत आणि नामांकित खेळाडूंना मोह पडेल असा शहरी डामडौलहि हवा. या तिन्ही गोष्टी लाखांच्या वस्तीवांचून सहसा एकत्र येत नाहींत. म्हणूनच माद्रिद, मिलान, म्यूनिक, पॅरिस हीं नांवें विजेत्यांच्या यादींत पुनःपुन्हां आढळतात. परंतु फ्रान्समध्यें एक गांव असें आहे कीं, ज्याच्या संघानें हा नियम एका पिढीहून अधिक काळ खोटा पाडला. त्या गांवाचें नांव ओसेर. त्याची लोकसंख्या सुमारें ३५,०००. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढी. या गांवच्या संघानें १९९६ सालीं फ्रान्सचें अजिंक्यपद मिळविलें, फ्रेंच चषक चार वेळां जिंकला आणि युरोपांतील मातबर संघांना आपल्या अंगणांत बोलावून हरविलें. हें कसें घडलें, आणि घडलें तें पुढें अखंड कां टिकलें नाहीं, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

ओसेर हें बर्गंडी प्रांतांत, पॅरिसच्या आग्नेयेस सुमारें १५० किलोमीटरांवर, योन नदीच्या कांठीं वसलेलें आहे. ही योन पुढें सेन नदीस जाऊन मिळते. नदीच्या तीरावर सेंत एत्येनचें जुनें गॉथिक चर्च उभें आहे. जवळच शाब्ली नांवाचें गांव असून तेथील द्राक्षांची पांढरी मदिरा देशोदेशीं जाते. मोठाले कारखाने, खाणी किंवा बंदर यांपैकीं ओसेरला कांहींच नाहीं. अशा शांत गांवांत जो संघ उदयास आला, त्याचें फ्रेंच नांव ‘आसोसियास्यों द ला झनेस ओसेरवाज’ असें लांबलचक आहे. त्याचा साधा अर्थ ‘ओसेरच्या तरुणांचें मंडळ’ एवढाच. या नांवांत फुटबॉल हा शब्दच नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण ज्यानें हें मंडळ स्थापिलें, त्याच्या दृष्टीनें खेळ हें साधन होतें. साध्य निराळें होतें.

तें साध्य कोणतें, हें कळण्यास त्या काळच्या फ्रान्सची स्थिति थोडक्यांत सांगितली पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रेंच प्रजासत्ताक आणि रोमन कॅथलिक चर्च यांच्यामध्यें मोठाच कलह माजला होता. १९०४ सालच्या कायद्यानें धार्मिक संघांना शाळेंत शिकविण्याची बंदी झाली. आणि ९ डिसेंबर १९०५ रोजीं धर्म व राज्य यांची पूर्ण फारकत करणारा कायदा मंजूर झाला. धर्मगुरूंना सरकारी तिजोरींतून मिळणारें वेतन त्यामुळें बंद झालें. गांवोगांवीं दोन तट पडले. एका बाजूस सरकारी शाळेचे शिक्षक, दुसऱ्या बाजूस चर्चचे पाद्री. आणि दोघांचेंहि लक्ष एकाच ठिकाणीं, तें म्हणजे वाढत्या वयाच्या मुलांवर. शाळेंतील अध्यापन हातचें गेल्यावर चर्चनें आपली सारी भिस्त ज्या संस्थांवर ठेवली, त्यांस ‘पात्रोनाझ’ म्हणत. रविवारीं व सुटीच्या दिवशीं मुलांना एकत्र जमवावें, त्यांस व्यायाम, वाद्यवादन व खेळ शिकवावे, आणि खेळतां खेळतां त्यांच्या मनावर धर्माचे व शिस्तीचे संस्कार करावे, असा या संस्थांचा क्रम असे.

ओसेर येथें अशीच एक संस्था चालविणारे तरुण धर्मोपदेशक होते, त्यांचें नांव आबे एर्नेस्त देशाँ. ‘आबे’ ही फ्रान्समधील धर्मगुरूंची पदवी होय. फारकतीचा कायदा होऊन अवघे वीस दिवस लोटले होते. २९ डिसेंबर १९०५ रोजीं आबे देशाँ यांनीं ओसेरच्या तरुणांचें मंडळ स्थापन केलें. पोषाखासाठीं पांढरा व निळा रंग निवडला, आणि मंडळाचें चिन्ह म्हणून माल्टाचा क्रूस घेतला. तो क्रूस आजहि संघाच्या चिन्हांत दिसतो. गांवांतील दुसऱ्या तटानेंहि आपला निधर्मी संघ चालविला. त्याचें नांव स्ताद ओसेरवा. या दोन संघांची चुरस पुढें कैक वर्षें चालली. एका गांवांत दोन संघ, आणि त्यांच्यामागें दोन विचार! कोणत्या मुलानें कोणत्या मैदानावर जावें, हा प्रश्न घरांतील वडीलधाऱ्यांच्या मतांवर अवलंबून असे.

आबे देशाँ यांच्या हातून जें सर्वांत दूरदृष्टीचें कार्य झालें, तें मात्र खेळाच्या डावपेंचांचें नव्हे, तर जमिनीचें. फ्रान्समधील बहुतेक संघ नगरपालिकेच्या मैदानावर खेळतात. मैदान पालिकेचें आणि संघ भाडेकरी, असा तेथील रिवाज आहे. ज्याला सरकारी कायद्यानें वेतनास मुकावें लागलें, अशा या पाद्र्यास पालिकेच्या मेहेरबानीवर विसंबून राहणें पसंत नव्हतें, असें मानण्यास हरकत नाहीं. पहिलें महायुद्ध संपतां संपतां, १९१८ सालीं, योनच्या कांठीं वो गांवाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंडळाचें स्वतःच्या मालकीचें मैदान तयार झालें. त्या वेळीं हें मैदान म्हणजे गवताचा एक पट्टा होता. पुढें याच जागेवर १८,००० हून अधिक प्रेक्षक बसतील, म्हणजे गांवांतील निम्मी वस्ती सामावेल, एवढें क्रीडागार उभें राहिलें.

यानंतरचीं चाळीस वर्षें थोडक्यांत सांगतां येतील. १९३२ सालीं फ्रान्समध्यें धंदेवाईक फुटबॉल सुरू झाला, तरी ओसेरचें मंडळ हौशीच राहिलें. प्रांतांतील स्पर्धांत कधीं जय, कधीं पराजय, असें त्याचें आयुष्य शांतपणें चाललें होतें. बर्गंडीबाहेर त्याचें नांव फारसें कोणास ठाऊक नव्हतें. आबे देशाँ १९४९ सालीं वारले. गांवानें मैदानास त्यांचें नांव दिलें. एखाद्या राजकारण्याचें किंवा लक्षाधीशाचें नांव क्रीडागारास मिळणें ही नित्याची गोष्ट आहे. धर्मोपदेशकाचें नांव मिळाल्याचीं उदाहरणें क्वचितच सांपडतील.

संघाच्या इतिहासाचें दुसरें पर्व १९६१ सालीं सुरू झालें. त्या वर्षीं गी रू नांवाचा बावीस वर्षांचा एक तरुण खेळाडू व शिक्षक अशा दुहेरी नात्यानें संघांत दाखल झाला. रू यांचा जन्म १९३८ सालचा. बाळपण ओसेरनजीकच्या आपोन्यी या खेड्यांत गेलेलें. खेळाडू म्हणून त्यांची योग्यता बेताचीच होती. परंतु हिशेब, चिकाटी आणि माणसांची पारख हे तीन गुण त्यांच्या ठायीं असाधारण होते. दोन वर्षांनीं, म्हणजे १९६३ सालीं, झां-क्लोद आमेल हे मंडळाचे अध्यक्ष झाले. या दोघांची जोडी जी जमली, ती चार तपांच्या घरांत पोहोंचली. रू २००५ पर्यंत, मधला थोडा खंड वगळतां, संघाचे शिक्षक होते. आमेल २००९ पर्यंत अध्यक्ष होते. ज्या धंद्यांत चार सामने ओळीनें हरतांच शिक्षकाला निरोपाचा नारळ मिळतो, त्या धंद्यांत हें स्थैर्य अपूर्वच म्हटलें पाहिजे.

त्यांची पायरी-पायरीनें झालेली चढण पाहण्यासारखी आहे. १९६१ मध्यें संघ प्रांतिक वर्गांत होता. राष्ट्रीय तिसऱ्या वर्गांत येण्यास १९७० साल उजाडावें लागलें. दुसरा वर्ग १९७४ सालीं गांठला. आणि १९८० सालीं संघ पहिल्या वर्गांत दाखल झाला. एकोणीस वर्षें लागलीं. त्यांत कोणी कुबेर मदतीस आला नाहीं, कीं कोणा परदेशी नामवंतावर उधळपट्टी झाली नाहीं. रू यांच्या काटकसरीच्या गोष्टी फ्रान्सभर प्रसिद्ध आहेत. कित्येकांनीं त्यांस कंजूषहि म्हटलें. परंतु थेंबें थेंबें तळें सांचतें, हें तत्त्व त्यांनीं कधीं सोडलें नाहीं. पहिल्या वर्गाचें दार उघडण्यापूर्वीं एक वर्ष, १९७९ मध्यें, हा दुसऱ्या वर्गांतील संघ फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला. नांतच्या बलाढ्य संघाशीं निर्धारित वेळेंत बरोबरी झाली. जादा वेळेंत दम संपला, आणि सामना ४–१ असा गमावला. पराभव झाला खरा, परंतु ओसेर हें गांव नकाशावर कोठें आहे, हें त्या दिवशीं पॅरिसच्या लोकांना कळलें.

पहिल्या वर्गांत टिकून राहण्यास उत्तम खेळाडू हवेत, आणि ते विकत घेण्यास पैसा नाहीं, अशा पेंचांतून रू यांनीं जो मार्ग काढला, तो शाळामास्तराचा होता. विकत मिळत नाहीं तें घरीं पिकवावें, या न्यायानें त्यांनीं मुलांची शाळा काढली. चौदा-पंधरा वर्षांचीं गुणी मुलें दूरदूरच्या गांवांतून शोधून आणावीं, त्यांस वसतिगृहांत ठेवावें, त्यांचें शालेय शिक्षण चालू ठेवावें, आणि वर्षानुवर्षें एकाच पद्धतीचा खेळ त्यांच्या अंगीं मुरवावा, असा हा उपक्रम होता. कुमारांसाठीं असलेला गांबार्देला चषक ओसेरच्या मुलांनीं १९८५ व १९८६ असा लागोपाठ दोन वर्षें जिंकला. मार्सेयहून १९८१ सालीं आलेला एरिक कँतोना हा पंधरा वर्षांचा तापट मुलगा याच शाळेंत घडला. १९८३ मध्यें तो पहिल्या संघांतून खेळला, आणि पुढें इंग्लंडांत त्याची केवढी कीर्ति झाली, हें सर्वश्रुत आहे. आफ्रिकेंतील आबिजान येथें जन्मलेला बाझील बोली हाहि येथलाच विद्यार्थी. त्यानेंच १९९३ सालीं मार्सेयकडून खेळतांना मिलानवर डोक्यानें गोल करून फ्रान्सला पहिला युरोपीय चषक मिळवून दिला. नंतरच्या काळांत फिलिप मेक्सेस, जिब्रिल सिसे असे खेळाडू याच वाटेनें गेले.

हीं मुलें मोठीं झालीं कीं, श्रीमंत संघ त्यांस मागणी घालीत, आणि ओसेरला तीं सोडावीं लागत. यांत दुःख होतेंच. पण त्यांतून येणारा पैसा चैनींत न जातां पुनः जमीन, सरावाचीं मैदानें, वसतिगृह व नवीं मुलें यांकडे वळत असे. रोपवाटिकेचा माळी जसा रोपें विकून नवें बीं पेरतो, तसाच हा व्यवहार होता. बाहेरून खेळाडू आणावयाचाच झाला, तर तो नीट पारखून आणीत. १९८० सालीं आलेला पोलंडचा आंद्रझेई शार्माख, किंवा १९९५ सालीं अवघ्या एका हंगामाकरितां आलेला लोराँ ब्लां, हीं त्याचीं ठळक उदाहरणें होत.

रू यांची शिस्त करडी होती. रात्रीं तरुण खेळाडू वसतिगृहांत आहेत कीं शहराकडे पळाले, हें पाहण्यास ते स्वतः फिरत. त्यांच्या फटफटींना सांखळी घालून ठेवीत. पॅरिसच्या हमरस्त्यावरील टोलनाक्यावरचे लोकहि कोणाची गाडी किती वाजतां गेली, हें त्यांस कळवीत, अशा कथा सांगितल्या जातात. मुलें कुरकुरत, चडफडत. आणि मोठेपणीं त्यांच्याविषयीं प्रेमानें बोलत. आईबापांनीं ज्याच्या भरंवशावर मूल परगांवीं ठेवलें, त्यानें रात्रीं दार लावलें आहे कीं नाहीं हें पाहणें, यांत वावगें तें काय, असेंच कोणीहि गृहस्थ म्हणेल.

या परिश्रमांना फळें आलीं तीं १९९० नंतर. १९९३ सालीं ओसेरनें हॉलंडच्या आयाक्स संघास नमवून यूएफा चषकाची उपांत्य फेरी गांठली. तेथें जर्मनीच्या डॉर्टमुंड संघानें आपल्या घरीं २–० असा विजय मिळविला. ओसेरनें आपल्या मैदानावर तेवढ्याच गोलांनीं परतफेड केली. पण अखेर पेनल्टींच्या फैरींत एका चुकीनें डाव हुकला. पुढच्याच वर्षीं माँपेल्येवर ३–० अशी मात करून संघानें पहिला फ्रेंच चषक घरीं नेला. आणि मग १९९६ सालीं ओसेरनें एकाच हंगामांत अजिंक्यपद व चषक दोन्हीं पटकावलीं. अजिंक्यपदाच्या शर्यतींत राजधानी पॅरिसचा संघ दुसरा राहिला. चषकाच्या अंतिम सामन्यांत नीमचा २–१ असा पराभव झाला. प्रांतिक मैदानांपासून संघास हाताशीं धरून आणणारे रू आतां अठ्ठावन्नाव्या वर्षांत होते, आणि त्यांच्या सेवेस पस्तीस वर्षें झालीं होतीं.

त्यापुढील हंगामांत युरोपच्या विजेत्यांच्या स्पर्धेंत ओसेरनें आयाक्सचा समावेश असलेल्या गटांत पहिलें स्थान मिळविलें. उपांत्यपूर्व फेरींत पुनः डॉर्टमुंडच समोर आलें. दुसऱ्या सामन्यांत लिल्याँ लाझलांद यानें हवेंत उलटें होऊन मारलेला एक देखणा गोल पंचानें अमान्य केला. ओसेर हरलें, डॉर्टमुंड त्या वर्षीं युरोपचें विजेतें ठरलें. १९९८ सालीं फ्रान्सनें जगज्जेतेपद मिळविलें, तेव्हां त्या बावीस खेळाडूंत शार्बोन्ये, द्योमेद व गिवार्श हे तिघे ओसेर संघाचे होते. पस्तीस हजार वस्तीच्या गांवास याहून मोठा मान कोणता?

परंतु ज्या गुणांनीं हें वैभव आणलें, त्यांतच एक उणीव लपलेली होती. सारी व्यवस्था एका माणसाच्या दृष्टीवर, स्मरणावर आणि जागरणावर उभी होती. २००० सालीं रू बाजूस झाले, आणि त्यांचे दीर्घकालचे सहकारी दान्येल रोलां यांच्याकडे संघ सोंपविण्यांत आला. एक हंगाम गेला. अपेक्षित यश आलें नाहीं. आणि रू पुनः आपल्या जागीं येऊन बसले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, तरी ते परतले. २००३ सालीं पॅरिसवर व २००५ सालीं सेदांवर, दोन्हीं वेळां २–१ अशी मात करून त्यांनीं आणखी दोन चषक मिळविले, आणि दुसऱ्या विजयानंतर ओसेरच्या मैदानावरून कायमची रजा घेतली. पहिल्या वर्गांत त्यांच्या देखरेखीखालीं ओसेरचे ८९० सामने झाले होते.

कांहीं काळ जुन्या पुण्याईवर गाडा चालला. २०१० सालीं झां फेर्नांदेझ यांच्या हाताखालीं संघ देशांत तिसरा आला, आणि माद्रिद व मिलान येथील संघ योनच्या कांठीं येऊन खेळले. पण २००९ मध्यें आमेल अध्यक्षपदावरून गेले होते, व त्यांच्यामागून दोन वर्षांत दोनदां अध्यक्ष बदलले. ज्या घरांत अर्धशतक एकच कर्ता पुरुष होता, तेथें आतां किल्ल्यांवरून भांडण सुरू झालें. २०१२ सालीं संघ तळाशीं गेला, आणि १९८० पासून अखंड बत्तीस वर्षें राखलेलें पहिल्या वर्गांतील स्थान हातचें गेलें. २०१५ मध्यें दुसऱ्या वर्गांत असूनहि त्यानें फ्रेंच चषकाचा अंतिम सामना गांठला, व पॅरिसकडून तो १–० असा हरला. पण पूर्वींचें स्थान कांहीं परत आलें नाहीं. २०१६ सालीं मंडळाची बहुतांश मालकी एका चिनी उद्योगपतीकडे गेली. ज्या संस्थेनें पालिकेचें भाडेकरी होणेंहि टाळलें, ती आतां दूर देशच्या धन्याच्या हातीं आली, हा काळाचा विलक्षण फेरा म्हणावयाचा.

तथापि हा इतिहास केवळ उतरणीचा नाहीं. २०२२ सालीं ओसेरनें सेंत एत्येन शहराच्या संघास पेनल्टींवर हरवून पहिल्या वर्गांत पुनः प्रवेश केला. एका हंगामांतच तें स्थान गेलें. परंतु २०२४ सालीं, क्रिस्तोफ पेलिस्ये यांच्या शिक्षणाखालीं, दुसऱ्या वर्गाचें अजिंक्यपद जिंकून संघ परत वर आला. पडावें, धूळ झाडावी आणि पुनः चढूं लागावें, ही १९६१ पासूनची जुनी संवय अजून सुटलेली नाहीं, असें यावरून दिसतें.

या शतकभराच्या कथेवरून एक गोष्ट स्पष्ट होते. पैशाची उणीव जमीन, शाळा आणि धीर यांनीं पुष्कळ अंशीं भरून काढतां येते. आबे देशाँ यांनीं जमीन मिळविली, आमेल यांनीं धीर दाखविला, रू यांनीं शाळा चालविली. पैकीं जमीन आणि शाळा या दोन गोष्टी त्यांच्या कर्त्यांच्या मागेंहि राहिल्या. धीर मात्र माणसांबरोबर गेला. रोपवाटिकेंत शेंकडों रोपें तयार झालीं, परंतु दुसरा माळी वेळेवर तयार झाला नाहीं. संस्था काढणारे, नांवारूपास आणणारे आणि तिच्यासाठीं देह झिजविणारे पुष्कळ असतात. आपण असतांनाच दुसऱ्यास आपल्या जागीं बसवून, त्याच्या चुका सोसून, स्वस्थ बाजूस उभे राहणारे थोडे. केवळ फुटबॉलच्या संघांसच नव्हे, तर शाळा, वाचनालयें व व्यायामशाळा चालविणाऱ्या कोणाहि मंडळीस ओसेरच्या यशाइतकाच त्याच्या पडझडीचाहि विचार करण्यासारखा आहे. १९०५ सालीं जीं मुलें त्या पाद्र्याभोंवतीं जमलीं, त्यांतलें कोणी आतां नाहीं. पण त्याच्या नांवाच्या मैदानावर दर आठवड्यास नवीं मुलें पांढरा-निळा सदरा घालून चेंडूमागें धांवत असतात.